पिवळी डबी

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका औषधाच्या दुकानात, काउंटरमागच्या काचेच्या कपाटात, माझ्या मलमाची डबी अजून ठेवलेली असते. नाव मी दिलेलं. हिरवा रंग मी निवडलेला. झाकणावर जो उठावाचा पंजा आहे तो माझ्या आक्काच्या हाताचा ठसा घेऊन केलेला. फक्त आतलं मलम माझं नाही. दोन-तीन दुकानदारांना मी हे सांगून पाहिलं. ते हसले. एक जण म्हणाला, "भागीदारी तुटली की असंच बोलत्यात सगळे." त्यानंतर मी तोंड बंद केलं. आता लिहितो आहे, कारण लिहिताना मध्येच कोणी हसत नाही.

मी मूळचा हातकणंगल्याचा. दहावीनंतर शाळा सुटली आणि मामाबरोबर आठवडी बाजारात उभा राहू लागलो. मामा मालिशचं तेल विकायचा. त्याच्याकडे गर्दी जमवायची एक युक्ती होती. पुदिन्याचं फूल, कापूर आणि ओव्याचं फूल हे तीन कोरडे पांढरे खडे तो लोकांसमोर बाटलीत टाकायचा, बूच लावायचा आणि बाटली हलवायचा. ना पाणी, ना विस्तव, तरी थोड्या वेळात बाटलीत पाणी दिसायला लागायचं. लोक आपोआप एक पाऊल पुढे यायचे. मग ते पाणी तिळाच्या तेलात मिसळून तो छोट्या बाटल्या भरायचा आणि ओरडायचा, "आज न्या, पुढच्या बाजाराला पैसे द्या! गुण आला न्हाय तर बाटली परत!"

ही पुढच्या बाजाराची पद्धत मी त्याच्याकडून उचलली आणि आयुष्यभर सोडली नाही. तिनं मला दोन गोष्टी शिकवल्या. आपला माल कसा आहे हे गिऱ्हाइकाच्या तोंडावरून कळतं, आणि खोटं बोललो तर आठ दिवसांनी त्याच माणसासमोर उभं राहायचं असतं. घासाघीसही तिथेच शिकलो. बाटल्या, बुचं, कापूर, तेल, सगळं मी भांडून घ्यायचो. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं, त्यामुळे व्यापारी दोन गोष्टी लवकर कबूल करतात. मापात कधी फसलो नाही. वजन स्वतः करायचं, वास स्वतः घ्यायचा, बोटाला लावून बघायचं. डोळे झाकून विश्वास टाकला तो एकाच माणसावर, आणि तोही त्या कामात, जे मला मोजता येत नव्हतं.

तो माझा शाळेतला मित्र. एका बाकावरचा. मी बाजारात गेलो, तो औषधशास्त्र शिकला आणि पुढे राजारामपुरीत रसायनशास्त्राचा क्लास काढला. शिकवायला उत्तम होता. मामाच्या त्या बाटलीचं कोडं त्यानंच मला सोडवून दिलं. म्हणाला, "प्रत्येक खड्यात त्याचे त्याचे कण रांगेत बसलेले असतात, म्हणून तो घट्ट. तिन्ही एकत्र आले की वेगवेगळ्या आकाराचे कण एकमेकांच्या रांगेत घुसतात. रांग मोडली की घट्टपणा गेला. एवढंच." मी त्या दिवशी त्याच्याकडे बघतच राहिलो. मामानं अख्खं आयुष्य ज्याला जादू म्हणून विकलं, ते यानं चहा निवेपर्यंत सांगून टाकलं.

मलमाची गोष्ट सुरू झाली ती आक्कामुळे. माझी ही थोरली बहीण शिरोळला दिली आहे. घरात ऊस, म्हशी, माणसांचा राबता. पन्नाशीच्या आतच तिच्या हातांना आमवात धरला. बोटांची पेरं सुजायची, सकाळी मूठ वळायची नाही. गोळ्यांनी पोटात आग पडायची. डॉक्टर म्हणाले, वरून लावायचं काही बघा. बाजारातली मलमं आणली. तिनं लावली आणि म्हणाली, "गार लागतंय रं, पर आतलं दुखणं हाय तिथंच हाय."

तिच्या अंगणात बसून मी तिला म्हणालो, "आक्का, असं मलम करतो की औषध आत उतरलं पाहिजे. तुझ्या हाताला गुण आला तरच ते विकायला काढीन. न्हाईतर न्हाय."

"आदी माझ्यावर बघणार व्हय?" ती म्हणाली. "म्हशीवर बघ की."

मित्राला मी शिरोळला घेऊन गेलो. उसाची तोड चालू होती. फडाच्या कडेला ट्रॉली उभी होती आणि भरणारे वैतागलेले होते. त्या साली पुरानं ऊस आडवा केला होता. लोळलेला ऊस पुन्हा वर उठतो तेव्हा मधे वाकून उठतो. असा ऊस ट्रॉलीत बसत नाही. भरणारा एक जण शिव्या देत होता, "सरळ असता तर एव्हाना ट्रॉली गच्च झाली असती. ह्यो वाकडा घातला की शेजारच्या चार कांड्या पण हलत्यात."

मित्र एकदम थांबला. त्यानं एक सरळ ऊस उचलला, एक वाकडा.

"ऐकलंस काय म्हणाला? तुझं सगळं मलम ह्यात आहे."

"उसात?"

"कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या पेशी असतात, विटांसारख्या. विटांच्या मधे चरबी भरलेली. त्या चरबीच्या शेपट्या अशा रांगेत उभ्या असतात, ट्रॉलीतल्या उसासारख्या, एकाला एक चिकटून. म्हणून पाणी आत जात नाही, औषधही जात नाही. आता तू ह्या रांगेत असला सरळ ऊस घातलास तर काय होईल?"

"बसेल शेजारी."

"शहाण्यासारखा बसेल. रांग आणखी घट्ट. आणि हा वाकडा घातलास तर?"

"फट पडेल."

"त्या फटीतून औषध आत. झालं!"

मग बांधावर बसून त्यानं नीट सांगितलं. औषधाला वाट करून देणारे पदार्थ असतात. त्यांचं एक टोक पाण्याकडे ओढ घेणारं असतं आणि मागे तेलकट शेपूट असते. त्या टोकावर आणि शेपटीवर सगळं अवलंबून. शेपूट फार आखूड असेल तर चरबीत धरच लागत नाही. फार लांब आणि सरळ असेल तर ती त्या रांगेतलीच एक होऊन जाते. मधली लांबी, दहा-बारा कार्बनची, चांगलं काम करते. आणि अठरा कार्बनांची शेपूट असेल तर मधोमध एक वाक पाहिजे. दोन कार्बनांमधे दुहेरी बंध आला आणि दोन्ही बाजू एकाच अंगाला वळल्या की असा वाक पडतो. ऑलिव्हच्या तेलात भरपूर असतं ते ओलिक आम्ल असं वाकलेलं. आणि साबणात, मेणबत्तीत, पांढऱ्या क्रीममध्ये घालतात ते स्टिअरिक आम्ल अगदी तेवढ्याच अठरा कार्बनांचं, पण काठीसारखं सरळ.

"म्हणजे लांबी तीच, नुसता वाक नाही, आणि काम शून्य?" मी विचारलं.

"शून्यच्या जवळपास."

मी तो वाकडा ऊस घरी आणला होता. माळ्यावर अजून वाळून पडलाय.

हे खरं का खोटं हे बघायला कातडी लागणार होती. मित्र म्हणाला, बोकडाच्या कानाच्या आतल्या बाजूची कातडी चालेल. कान आणायचं काम माझं. आमच्या नेहमीच्या मटणाच्या दुकानात चाचा बसायचे. तीन पिढ्यांचं दुकान, आणि भाव करण्यात मला तोडीस तोड असा कोल्हापुरात तोच एक माणूस.

"कान?" चाचा म्हणाले. "आख्ख्या मुंडीचं गिऱ्हाईक येतंय, पायाचं येतंय. कानाचं पयलंच पावणं. रस्सा कराय लागलाय काय?"

"औषध कराय लागलोय. काय घेणार?"

त्यांनी भाव सांगितला. मी ओरडलो. "चाचा, कुत्र्याला टाकता ते कान! त्याचे एवढे?"

"कुत्रं मागतंय तवा फुकट देतो. तू मागतोस म्हणजे त्यात काय तरी हाय."

दोन बाया मटण घ्यायचं सोडून आमचं भांडण ऐकत उभ्या राहिल्या. शेवटी निम्म्यावर सौदा ठरला. त्यानंतर जेव्हा जेव्हा कान लागले तेव्हा आमची तीच लढाई पुन्हा पहिल्यापासून झाली, आणि दोघांनाही तिची गोडी लागली.

मित्राच्या ओळखीनं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी मिळाली. दोन भाग एकमेकांवर बसवायचे, मधे कानाची कातडी ताणून लावायची. वर मलम, खाली अंगाच्या उष्णतेचं खारट पाणी. दर थोड्या वेळानं खालचं पाणी काढून त्यात किती औषध उतरलं ते यंत्रावर बघायचं. ते यंत्रावरचं बघणं मित्राचं. मी नुसता शेजारी उभा. आधी गोळ्यांतलं सूज उतरवणारं औषध नुसतं मलमात घालून लावलं, खाली जेमतेम काही आलं. सरळवाल्याचं तसंच. बारा कार्बनवाल्याचं बरंच उतरलं, म्हणून मी ते स्वतःच्या दंडावर लावलं, तर दंड लालभडक झाला आणि चुरचुरला. ते बाद. मग वाकडं अठरा आणि त्याच्या जोडीला क्रीममध्ये घालतात तो गोडसर पातळ द्रव. दोन्ही एकत्र घातलं तेव्हा मित्र यंत्रासमोरून उठला आणि त्यानं माझ्या पाठीत जोरात धपाटा घातला.

त्या मलमाचा रंग पिवळसर होता. आक्काला पहिली डबी दिली. काही आठवड्यांनी शिरोळहून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोतून एक फडकं आलं. त्यात भाकऱ्या होत्या. पातळ, गोल, काठ न फुटलेल्या. बरोबर चिठ्ठी नाही, निरोप नाही. किती तरी दिवसांत तिनं स्वतः भाकरी थापली नव्हती. मी आणि माझ्या बायकोनं त्या नुसत्या चटणीबरोबर खाल्ल्या. त्याच आठवड्यात मी मलम बाजारात काढायचं ठरवलं.

मलमाचं नाव नोंदवायला गेलो तेव्हा शिक्षण मित्राचं, म्हणून अर्ज त्याच्या नावानं. परवाना असलेल्या एका कारखान्यातून माल बनवून घ्यायचा, प्रत्येक खेपेवर सही त्याची. दुकानं, डॉक्टर, गाड्या, भाव, भांडणं माझी. असंच ठरलं होतं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मलम चाललं. पण त्यात एक खोट होती. मित्रानं ती आधीच सांगितली होती. ज्या जागी शेपटीला वाक आहे, नेमकी त्याच जागी हवा लागून ते खराब होतं. काही महिन्यांत मलम आणखी पिवळं व्हायचं आणि शिळ्या शेंगदाणा तेलासारखा वास यायचा. दुकानदार कुरकुरायला लागले. राजारामपुरीतल्या एकानं डबी उघडून माझ्या नाकाखाली धरली.

"हे बघा. गिऱ्हाईक म्हणतंय खराब माल विकता."

"वास येतोय तर येऊ दे. हात बरे होतात का ते विचार त्याला."

"अवो, हात बरा व्हायच्या आधीच डबी परत आणतंय की ते!"

मी त्याच्या दुकानातल्या सगळ्या डब्या पिशवीत भरल्या आणि तिथंच चार लोकांसमोर त्याला नाही नाही ते बोललो. संध्याकाळी मित्राला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"तू किती जणांशी भांडणार?" तो म्हणाला. "काही तरी करतो मी."

"हवाबंद ट्यूबमध्ये भर. आणि वास धरू नये असं काही तरी घाल."

"ट्यूब महाग पडते. बघतो मी."

काही काळानं नवी खेप आली. डबी तीच हिरवी, पण आतलं मलम दुधासारखं पांढरं; तेव्हापासून जुनी ती पिवळी डबी आणि ही पांढरी. मऊ, मोत्यासारखी झाक, वास मंद आणि छान. बोटावर घेतलं तर गार. मी म्हटलं, "लेका, हे काय केलंस?"

"औषध ज्यात कालवतो तो बेस सुधारला. औषध तेच, तेवढंच."

मी एकच प्रश्न विचारला. तो मला शब्दन् शब्द आठवतो, कारण पुढे मी तो स्वतःशी फार वेळा विचारला. "आत जातंय ना?"

"जातंय की," तो म्हणाला.

आणि मी त्याला जेवायला नेलं. तांबडा-पांढरा रस्सा मागवला, मटण मागवलं, बिल त्याला देऊ दिलं नाही. ज्या माणसानं नारळवाल्याकडेसुद्धा नारळ हलवल्याशिवाय घेतला नाही, त्यानं हे हलवून बघितलं नाही. दुकानदार खूश. परत येणाऱ्या डब्या थांबल्या. राजारामपुरीच्या त्या दुकानदारानं स्वतः फोन करून माल मागवला. आक्काला मी दर खेपेची पहिली डबी द्यायचो, आता पांढरी द्यायला लागलो. विचारलं की म्हणायची, "बरं हाय. लई बरं हाय." भाकऱ्या येणं बंद झालं होतं. मला वाटलं, काम वाढलं असेल.

मग एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी वाढलं आणि शिरोळच्या घराच्या पायऱ्यांपर्यंत आलं. मी गाडी काढून आक्काला कोल्हापूरला आणलं. ती आमच्याकडे राहिली. स्वयंपाकघरात येईना. म्हणायची, "तुमच्या ह्या गॅसवर मला जमत न्हाय." चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरायची. मी पावसाच्या बातम्यांत होतो, माझं लक्ष नव्हतं. बायकोचं होतं.

एका दुपारी मी आतल्या खोलीत गेलो. आक्का पलंगावर बसली होती, मांडीत पांढऱ्या मलमाची डबी. दोन्ही मनगटांमधे डबी दाबून धरून ती दातांनी झाकण फिरवायचा प्रयत्न करत होती. झाकणावरचा तिचाच पंजा तिच्या ओठाला लागत होता.

मला बघून तिनं डबी उशीखाली सारली.

"आक्का, हात दाखव."

"कशाला?"

"दाखव म्हटलं ना!"

पेरं सुपारीएवढी सुजलेली. मधलं बोट तर बाजूला वळलं होतं.

"कधीपासून?"

"झालं असंल की लई दिस."

"मग मला बरं हाय, बरं हाय काय म्हणत होतीस? कोण डबी उघडून देत होतं तुला?"

"शेजारची देती उघडून." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तू एवढ्या लांबनं आणायचास. तुझ्या नावाची डबी. तुला कसं म्हणायचं की गुण न्हाय? आणि गार लागतंय रं. खरंच गार लागतंय."

मी बाहेर येऊन अंगणात उभा राहिलो. राग कोणावर काढायचा ते कळेना. तिच्यावरही आला. जिच्यासाठी सगळं केलं, तिनंच मला खोटी पावती दिली. बाजारात अनोळखी गिऱ्हाईक सुद्धा तोंडावर "गुण न्हाय" म्हणून बाटली आपटून गेलेलं मी बघितलं होतं. माझी सख्खी बहीण आपटू शकली नाही.

पण आधी खात्री करायची होती. प्रयोगशाळेतल्या माणसाला मी आता ओळखत होतो. कान घ्यायला चाचांकडे गेलो. मनात म्हटलं, जुनी लढाई होईल, जरा बरं वाटेल.

"या पावणं," चाचा म्हणाले. "आता तुमी बी आलासा? किती दुखणी काढताय कोल्हापुरात?"

"मी बी म्हणजे?"

"तुमच्या त्या मास्तर मित्रानं नेलते की कान. गेल्या उन्हाळ्यात. तुमी पांढरी डबी काढली न्हवं, त्याच्या आदी थोडं."

चाचा चाकू पुसत म्हणाले, "मला ध्यानात हाय, का तर मी तुमचाच भाव सांगितला, पयला, चढा. म्हटलं आता हे बी वरडणार. एक शबूद न्हाय. पैसे ठेवले, कान घेतले, गेले. मी म्हटलं, शिकलेलं माणूस हाय."

त्या दिवशी मीही भाव केला नाही. कान पिशवीत घातले आणि तिथल्या बाकड्यावर बसून राहिलो. चाचांनी न विचारता पाणी दिलं.

तोपर्यंत मला वाटत होतं, मित्राची चूक झाली असेल. घाईत, दुकानदारांच्या कटकटीनं, त्यानं न तपासता बदल केला असेल. चूक मी माफ केली असती. आरडाओरडा केला असता आणि माफ केली असती. पण त्यानं कान नेले होते. म्हणजे त्यानं तपासलं होतं. पांढरं मलम कानाच्या कातडीवर लावलं होतं, खालचं पाणी काढलं होतं, यंत्रासमोर बसून उत्तर बघितलं होतं. आणि त्यानंतर मला "जातंय की" म्हणाला होता, आणि माझ्याबरोबर रस्सा प्याला होता.

प्रयोगशाळेतल्या उत्तराची मला आता गरज नव्हती, तरी करून घेतलं. खाली उतरलं ते जेमतेम, वाट करणारं काहीच न घालता उतरावं त्याच्या आसपास.

त्याच्या क्लासवर सकाळची तुकडी सुटत होती. पोरं जिन्यावरून खाली गेल्यावर मी आत गेलो. फळ्यावर नागमोडी रेघांच्या साखळ्या काढलेल्या होत्या. मी त्याच्या टेबलावर दोन डब्या ठेवल्या. पिवळी, जुनी, घरात सापडलेली. आणि पांढरी.

"ह्यात काय घातलंस?"

त्यानं पांढऱ्या डबीकडे बघितलंही नाही. "तुला माहीत आहे."

"सरळवालं."

"अठराच कार्बन आहेत. औषध लेबलवर लिहिलंय तेवढंच आहे. कायद्यानं कोणी बोट दाखवू शकणार नाही."

"आत जातंय का?"

"मेन्थॉल आहे त्यात. पुदिन्याचं फूल, तुझ्या मामाचं. तेही थोडी वाट करतं."

"किती?"

त्यानं खडू उचलला, ठेवला. "हे बघ भावा. पिवळी डबी औषध आत नेत होती आणि परत येत होती. पांढरी नेत नाही आणि परत येत नाही. लोकांना गार पाहिजे. डबी उघडल्यावर बरं वाटलं पाहिजे. आत काय उतरतंय हे कोण बघायला बसलंय?"

"मी बसलोय. आक्का बसलीय."

"आणि तू रे? बाजारात मामाबरोबर काय विकत होतास? त्यात काय औषध होतं?"

हे तो बोलेल असं मला वाटलंच होतं, तरी ते लागलं. "मामा गार वाटंल म्हणून विकायचा," मी ओरडलो, "आणि गुण न्हाय आला तर बाटली परत घ्यायचा! तो कधी म्हणाला न्हाय की हे हाडापर्यंत जातंय. तू म्हणालास! माझ्या तोंडानं वदवलंस! मी डॉक्टरांना सांगितलं, दुकानात सांगितलं, तिला सांगितलं!"

"तिला तरी तू पिवळी देत राहायचं होतंस."

"मला सांगितलं असतंस तर दिली असती!"

खिडकीबाहेर केएमटीची बस थांबली, माणसं उतरली, बस गेली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू विकली नसतीस." त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे हे खरं होतं, आणि त्यानं ते हिशोबात धरलं होतं. तीस वर्षं मला ओळखून त्यानं माझ्यातला खरेपणाच तेवढा नेमका मोजला होता.

भागीदारी तुटली. नाव त्याच्याकडे गेलं, कारण अर्ज त्याचा. दुकानं त्याच्याकडे गेली, कारण दुकानांना पांढरी पाहिजे होती. मी पंजाच्या चित्रासाठी भांडलो, तेही मिळालं नाही. मला मिळाली पिवळ्या मलमाची कृती, ती त्यानं हसत दिली. म्हणाला, "घे. विकून दाखव."

दुसऱ्या एका लहान कारखान्यातून मी ते थोडं थोडं बनवून घेतो. ॲल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये, हवा लागू नये म्हणून, आणि वास धरू नये म्हणून त्यात ई जीवनसत्त्वही घातलेलं आहे. वास तरी थोडा येतोच. काही डॉक्टर घेतात. हातकणंगल्याच्या बाजारात माझ्या ओळखीची माणसं घेतात, आणि पुढच्या बाजाराला येऊन सांगतात. सगळेच बरं म्हणतात असं नाही. मला ते आवडतं.

परवा शिरोळला गेलो होतो. आक्काची मूठ आता निम्मी वळते. तिनं माझ्यासमोर भाकरी थापली. काठ फुटले, पण भाकरी झाली. मी दुसरी मागितली. जेवण झाल्यावर ट्यूब दाखवत ती म्हणाली, "ही लावते रं रोज. गुण हाय, खरं सांगते आता. पर एक काम कर."

"काय?"

"ती पांढरी पण आण एक."

मी ताट सरकवलं. "कशाला? सगळं सांगितलंय न्हवं तुला?"

"सांगितलंस की. रात्रीला ही लावती मी. पर लग्नाकार्यात ही लावून बसलं की बाया नाक मुरडत्यात. त्या डबीचा वास बरा हाय. आणि गार लागतंय."

"आक्का, त्यात काय बी न्हाय!"

"असू दे न्हाय. माझा पंजा हाय की त्याच्यावर."

तणतणतच मी कोल्हापूरला आलो, आणि येताना राजारामपुरीत थांबलो. दुकानदारानं मला ओळखलं. डबी काउंटरवर ठेवताना त्यानं आजूबाजूच्या गिऱ्हाइकांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"तुमचं मलम तुमीच विकत घेताय व्हय?"

"भाव काय लावणार?"

"छापील."

"काय तरी कमी कर. ही डबी मी तुझ्या दुकानात पहिल्यांदा आणली."

"मास्तरांनी सांगितलंय, कुणाला सूट न्हाय."

माझ्या मागे रांग लागली होती. एक म्हातारा कठड्याला धरून उभा होता, त्याच्या हातातही तीच हिरवी डबी. मला बघून तो म्हणाला, "चांगली हाय पावणं. गुडघ्याला लावतो मी. लई गार वाटतंय."

मी तोंड उघडलं. दुकानदार माझ्याकडे बघत होता. मी छापील पैसे ठेवले, डबी खिशात घातली आणि म्हाताऱ्याला पायरी उतरायला हात दिला.